आठवा चेंडू

हलू नका म्हटलं ना. मान खाली. केस कापायचं मशीन चालू असताना मान वळवलीत आणि कानाचा तुकडा गेला, तर हा वर्नेल प्युर्डी जबाबदार नाही. हां, वाचा पुढे — अमेरिकन फुटबॉल, यंदाच्या हंगामातले बचावाच्या मागच्या फळीचे सर्वोत्तम दहा. दहावा झाला, नववा झाला, आठवा कोण? — कोण? तो? अहो, तो माणूस समोरच्याला पाडायला जातो तेव्हा आधी कॅमेरा कुठाय ते बघतो! समोरच्या संघानं फेकलेले सहा चेंडू हवेतच झेलून पळवले म्हणून घेतलात ना त्याला? ठाऊकच होतं मला. तुम्ही मासिकवाले फक्त पळवलेले चेंडू मोजता. आणि ज्याच्या बाजूला अख्ख्या हंगामात कुणाची चेंडू टाकायची हिंमतच झाली नाही, तो? त्याच्या नावापुढे शून्य. चोर पकडला त्या हवालदाराला बक्षीस, आणि ज्याच्या गल्लीत चोर शिरतच नाही तो झोपा काढतो — असंच लिहिणार तुम्ही. बरं, सातवा? — राहू द्या. सातव्यानं माझं तोंड कडू होईल.

खिडकीबाहेर काय बघताय? धूर आहे. ऊस पेटवलाय, तोडणीआधी पाचट जाळतात. तुमच्या अटलांटाच्या पांढऱ्या गाडीवर राख पडेल, पडू दे, धुतली की जाते. या धुरात शिकलो आम्ही, साहेब. ऊस पेटला की ससे सैरावैरा बाहेर पळतात, आणि त्यांच्यामागे आम्ही पोरं, अनवाणी. धरला तर आई संध्याकाळी तळायची, नाही धरला तर नुसता भात. या फ्लोरिडाच्या चिखलातून किती जण मोठ्या संघांत गेले, ते का गेले, हे कळायला तुमचे आकडे नकोत, एक ससा धरून दाखवा हातानं! तुमचे हे यंदाचे दहा गार हवेच्या मांडवात, मऊ गवतावर, शिट्टीच्या तालावर वाढलेत. ससा दिसला तर त्याच्याबरोबर फोटो काढतील. मी? मी सगळ्यात वेगवान होतो. सशावर झेप टाकायचो — दहातले चार मिळायचे, सहा निसटायचे. आणि रूफस — रूफस बेथून, शेजारच्या घरातला — तो पळायचाच नाही. ससा कुठल्या सरीतून निघणार ते हेरून सरीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा, गप्प. ससा आपणहून त्याच्या हातात. शाळेच्या संघात तोच माझ्यामागे सेफ्टी म्हणून उभा राहिला, सगळ्यात मागचा राखणदार; मी कडेचा कॉर्नर, समोरच्या एका माणसाला चिकटून राहणारा. पुढे मोठ्या संघातही तसंच. एका गल्लीतली दोन पोरं, एका संघात, पुढे-मागे. तुमच्या यादीत अशाला रकाना आहे का? नाही ना? मग.

ती भिंतीवरची काच? पुसतो मी रोज. तीस वर्षांपूर्वीची यादी आहे, तुमच्याच मासिकाची. तिसरा बघा — वर्नेल प्युर्डी, सात चेंडू. ती यादी खरी होती. म्हणजे — त्या काळी लोकांना खेळ कळायचा. तुम्ही यायच्या आधी. 'तीस वर्षांपूर्वीचा तिसरा आज केस कापतो' असं काहीतरी लिहायला आलात ना? लिहा. लाज कसली? चांगले कापतो.

हे काय काढलंत खिशातून? — हा फोटो? हा छापणार? माझ्या यादीशेजारी? 'हंगामातली सगळ्यात महागडी चूक' — मथळासुद्धा ठरला! वा. काय डोकं चालवलंत. अहो, हा फोटो या गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे! एकतीस नंबर तोंडावर पालथा पडलाय, आणि पलीकडे त्यांचा चेंडू झेलणारा रिसिव्हर चेंडू घेऊन नाचतोय. हंगामाचा शेवटचा सामना, जिंकलो तर पुढे, हरलो तर घरी, चाळीस सेकंद बाकी. आणि एकतीस नंबर कोण? रूफस. अजून पेट्रोल भरायला गेला की कुणीतरी ओरडतं — 'उभा राहा रे, पडशील!' साठीला आलाय तो. शाळेची बस चालवतो. त्याच्या नातीला वर्गात हा फोटो दाखवलाय पोरांनी. आणि तुम्हाला तो पुन्हा छापायचाय, रंगीत!

जो शेवटी पडलेला दिसतो त्याचीच चूक, हे कुणी शिकवलं तुम्हाला? आग विझवायला धावला त्यालाच आग लावणारा म्हणता! ऐका, खुणा असतात आमच्या. मागून सेफ्टीनं मूठ दाखवली तर अर्थ, 'मी आहे मागे, तू हवी तेवढी झेप टाक.' डोक्यावर पालथा हात ठेवला तर, 'मी मैदानाच्या मध्यावर जातोय, तुझ्यामागे कुणी नाही, तुझ्या माणसाला शेवटपर्यंत सोडू नकोस.' एवढंच, साधं. तर त्या दिवशी सत्तर हजारांचा गोंगाट, कुणाला खूण दिसली, कुणाला नाही — मला दिसली नाही. गैरसमज झाला. मी समजलो तो मागे आहे. जवळचा चेंडू येणार म्हणून मी पुढे झेपावलो, चेंडू डोक्यावरून गेला. रूफस पार मधून धावत आला, तिकडनं इतका लांब कुणी आलाच नसता, तो आला, अर्ध्या हाताच्या अंतरानं हुकला, आणि पडला. गोंगाटच तसा होता. डोक्यावर पालथा हात, बोटं पसरलेली, अंगठ्याला हिरवी पट्टी, त्यातही पट्टीचं टोक सुटून लोंबत होतं — अशा गर्दीत कोण काय बघणार?

— काय? काय विचारलंत?

पट्टीचा रंग.

मान खाली करा. खाली करा म्हणतो ना!

हुशार आहात. यादी भिकार करता, पण कान शाबूत आहेत. — बरं. पाहिली खूण. पाहिली! एवढी स्पष्ट पाहिली की अजून दाढी करताना आरशात दिसते. झालं समाधान? सात चेंडू होते माझ्या नावावर. आठ झाले तर यादीत नक्की, असं सगळे म्हणायचे, तुमच्यासारखाच एक मासिकवाला दर आठवड्याला फोन करून म्हणायचा. आठवा हवा होता मला. ससा समोर दिसला आणि टाकली झेप. आणि गंमत ऐका — आठव्याची गरजच नव्हती! सातावरच दिला तिसरा नंबर. अशा त्या तुमच्या याद्या. थू!

आणि ते काहीच नाही. सोमवारी खोलीत दिवे घालवून सामन्याची फिल्म बघतात. आमच्या मागच्या फळीचा रिवाज असा, की प्रशिक्षक चूक दिसली तिथे फिल्म थांबवतो आणि गप्प बसतो. नाव घेत नाही कुणाचं. ज्याची चूक त्यानं हात वर करायचा आणि म्हणायचं, 'माझी.' बस. मग विषय संपला, बाहेर कुणी एक अक्षर बोलायचं नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. तर फिल्म थांबली. पडद्यावर मी हवेत, आणि चेंडू माझ्या वर. सगळ्यांना दिसत होतं. अंधार. माझा हात मांडीवर होता — हा, हाच हात. उचलतो उचलतो म्हणत होतो. यादी गुरुवारी यायची होती. गुरुवारपर्यंत कुणाला कळलं नाही म्हणजे झालं, एवढंच डोक्यात. आणि मागच्या बाकावरून आवाज आला, 'माझी.'

रूफस. 'माझी, कोच. मी खूण उशिरा दिली.' उशिरा दिली म्हणे! तो, जो सशाच्या आधी पोचायचा!

मंगळवारी त्याला संघातून काढलं. प्रशिक्षकाला ठाऊक होतं, पण ज्यानं म्हटलं त्याची चूक, रिवाज म्हणजे रिवाज. पुन्हा कुठल्याच संघानं घेतलं नाही त्याला, तो फोटो सगळीकडे आधी पोचलेला. गुरुवारी यादी आली. त्यानं मला फोन केला आणि म्हणाला, 'तिसरा! तुझ्या आईला सांग, सशाऐवजी कोंबडी तळ.' चांगलं बोलला हो. शिव्या दिल्या असत्या तर मी माणसात राहिलो असतो.

तुम्ही मला भित्रा म्हणताय मनातल्या मनात. म्हणा. तुमच्या दहा जणांवर इतका वेळ थुंकलो, पण त्या दहांतल्या एकानंही असं केलं नसेल. निदान कॅमेऱ्यासमोर तरी नाही.

— थांबा. ती पिवळी बस, रूफसची. अकरा वाजले का? दर शनिवारी अकराला येतो. पाय ओढत येतो, दोन मिनिटं लागतील. तुमचं ते बोलणं टिपणारं यंत्र चालूच आहे ना अजून? सगळं घेतलं त्यानं? — नाही, पुसू नका. राहू दे. छापा. माझं नाव घालून छापा, फोटोखाली. पण त्याच्यासमोर मला पुन्हा म्हणायला लावू नका. एवढं करा. फोटो उचला, उचला तो आधी —

ये रे रूफस. ये. राख झटक टोपीवरची. हे? हे कुणी नाही, अटलांटाचं गिऱ्हाईक. वाट चुकलंय. — काय आहे? अरे, ठेव ते खाली, जुना कागद आहे. कशाला बघतोस? चष्मा तरी कशाला लावतोस —

काय म्हणालास? 'माझी'?

नको. त्यांना नको सांगूस ते. नको म्हणूस रे पुन्हा, रूफस —

ऐकलंत ना, साहेब? मी विचारलंही नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. उठा. खुर्ची रिकामी करा. डावी बाजू राहिली असेल तर राहू दे, टोपी घाला. जा म्हणतो ना — आणि दार ओढून घ्या, राख आत येते.