हार घातलेलं कव्हर

एसटीनं कळंब सोडलं, तशी पुढच्या बाकावरच्या आजी-नातीनं विजयमालाबाईंची झोप पार उडवली.

“पायल, पाह्य. माह्या गाण्याच्या पुस्तकाचं कव्हर. बॅनरवाल्याजवळ बसून मीच बनवून घेतलं.”

“आजी! हे काय केलं वं?”

“काहून? पांढरं लुगडं नेसून फोटो काढला. फोटोले हार, दोन्ही बाजूनं मेणबत्त्या, खाली कमळं. सारं मीच सांगतलं.”

“अन् बॅनरवाला काहीच नाही बोलला?”

“बोलला ना. तारीख कोणती टाकू म्हणे. मी म्हटलं, आजचीच टाक.”

“अवं, हे श्रद्धांजलीचं बॅनर दिसून राह्यलं! लोकं समजतीन, तू गेली.”

“अगं माय!”

“घाबरू नको. यवतमाळले उतरलो का पयले प्रेसमधी जाऊ. बदलवून घेऊ.”

“थांब जराशी. मी गेली म्हटल्यावर गावातले सारे येतीन?”

“येतीन ना.”

“अन् मी गाणं म्हटलं का कान झाकते, ते तुही काकू?”

“काकू तं सगळ्यात पुढं. रडत येईन.”

“मंग राहू दे हेच. पुस्तकं घेऊन मीच बसतो दारात. गाणं आयकल्याबिगर जाऊ देतो का कोणाले!”