'चिंता नाही' असा शिक्का

सन्माननीय अध्यक्षा बाई, व्यासपीठावरचे पक्षीतज्ज्ञ पाहुणे, आमचे साहेब, इमारतीच्या दुरुस्तीचं काम घेतलेले ठेकेदार (तुम्हाला मी मुद्दाम बोलवायला लावलंय, कारण पुढे कळेल), आणि जेवण थंड होत असूनही बसून राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आत्ता माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की कुणाचं चाललंय म्हणून मीच मागे वळून पाहिलं.

एकतीस वर्षं मी पक्ष्यांची नोंदपत्रं सांभाळली. एका जातीचं एक पत्र. ज्या जातीला धोका नाही, तिच्या पत्रावर 'चिंता नाही' असा जांभळा शिक्का मारायचा. छोट्या पाकोळीच्या पत्रावर तो पहिल्यापासून आहे, आणि बरोबरच आहे. ती कितीतरी देशांत आहे, भरपूर आहे. पण मी इथे आलो तेव्हा माझ्या खिडकीवर, वळचणीखाली, तिची बेचाळीस घरटी होती. या वर्षी तीन. एवढ्या मोठ्या जगात ही तीन कुणाच्या खिजगणतीत असणार?

पाहुण्यांना सांगायला नको, हा पक्षी फांदीवर बसूच शकत नाही. त्याचे पाय तेवढे नाहीत. भिंतीला लटकायचं, नाहीतर उडत राहायचं. पिसं लाळेनं चिकटवून केलेलं घरटं, तेवढाच काय तो आधार.

तुम्ही माझ्यामागे मला 'चिंता नाही' म्हणता, हे मला ठाऊक आहे. बायको गेल्यावर कुणी कसं चाललंय विचारलं, की मी हेच म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी तीन आठवडे रुग्णालयात होतो. माझ्या रजेच्या अर्जावर कुणीतरी गमतीनं माझाच शिक्का मारून ठेवला. परत आल्यावर तो पाहून सगळ्यांबरोबर मीही हसलो. भेटायला मात्र कुणी आलं नव्हतं. रागानं सांगत नाही. शिक्का मीच तुमच्या हाती दिला होता.

संध्याकाळी तुम्ही गेल्यावर मी खिडकीशी थांबायचो. काम असायचं का? कसलं काम. घरी दार मलाच उघडायचं असायचं. इथे निदान कुणीतरी परत येताना दिसायचं. मला एकटं वाटायचं. अजून वाटतं.

ठेकेदार, सोमवारी तुमची परांची माझ्या खिडकीपर्यंत येईल. ती तीन घरटी तेवढी खरवडू नका. भिंतीचा तेवढा तुकडा जुनाच राहू द्या. त्याबदल्यात, सहकाऱ्यांनो, निवृत्तीची भेट म्हणून दिलेलं हे घड्याळ हवं तर परत घ्या.

शिक्का साहेबांच्या स्वाधीन करतो. पाकोळीच्या पत्रावर मी काही खोडलेलं नाही, तो अधिकार माझा नाही. फक्त खाली पेन्सिलीनं लिहिलंय, 'आपल्याकडे तीन. लक्ष असावं.'

आपण सगळ्यांनी वेळ दिला, मनापासून आभार. बोलताना कुणाला काही लागलं असेल, तर म्हाताऱ्याचं म्हणून सोडून द्या. आणि जाता जाता कुणी विचारलंच, 'आता कसं काय?', तर जरा थांबा. या वेळी उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागेल.