काचा वर करून

काका : नाही, त्याच्याही आधी. माझ्या भाचीचं लग्न झालं त्या वर्षी. लग्नाचं सामान आणायला गेलो होतो, आणि येताना भर रस्त्यात या गाडीचं जुनं इंजिन जाम झालं. मग दाजींनी हे बसवलं, मोडीत निघालेल्या एका टेम्पोचं.

वस्ताद : टेम्पोचं, म्हणूनच असं बोलतं. दाजी म्हणजे तुमच्या बहिणीचे यजमान?

काका : हो, ताईचे. आता नाहीत ते.

वस्ताद : मेकॅनिक होते?

काका : नाही रे. पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. पण कशालाही हात घालायचे.

वस्ताद : हात चांगला होता, तेवढं मानतो. इतक्या वर्षांत इंजिन जागचं हललेलं नाही. एसीची मात्र पार वाट लावून ठेवलीय.

काका : जुन्या इंजिनाला जिथं कॉम्प्रेसर होता तिथं या इंजिनाचा डायनामो आला, मग काय करणार? सगळा एसी उतरवला. ताई म्हणाली, आता गार हवेचं काय? दाजी म्हणाले, गाडीला चार खिडक्या आहेत, त्या काय शोभेला दिल्यात?

वस्ताद : आणि आतल्या कॉइलच्या पाइपांत बोळे कोंबलेत.

काका : उंदीर शिरू नयेत म्हणून.

वस्ताद : बोळा ओढून काढला तर एका पाइपातून अर्धं बनियन निघालं.

काका : आणि बाकीचं अर्धं?

वस्ताद : दुसऱ्या पाइपात. पण उंदीर काही शिरले नाहीत. कॉइल धुतली, शाबूत आहे. तुम्ही गोणीतून आणलेला जुना कॉम्प्रेसर मात्र दगड झालाय, फिरतच नाही. म्हणून भंगारातून दुसरा आणला, डायनामोच्या खाली जागा काढली आणि लोखंडी पट्टी कापून त्याला नवं ब्रॅकेट केलं. आता बसा आत आणि किल्ली फिरवा. हां. एसीचं बटण दाबा. येतंय का गार?

काका : येतंय. येतंय की खरंच. पण हे ओरडतंय काय, कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं?

वस्ताद : बेल्ट आहे तो. ब्रॅकेट सूतभर पुढं आलंय, त्यामुळं बेल्ट जरा तिरका पळतो. थोडे दिवस ओरडेल, मग गप्प बसेल. नाही बसला तर तुम्हाला सवय होईल.

काका : सवय नको.

वस्ताद : काका, गाडी एवढी जुनी, त्यात इंजिन टेम्पोचं. एक आवाज वाढला तर काय बिघडलं? गार येतंय ना?

काका : मला गार नकोय.

वस्ताद : एसी बसवायला आलात आणि गार नकोय? ऐकावं ते नवलच.

काका : तसं नाही रे. परवा रविवारी ताईला दवाखान्यातून सोडणार. तिला भाचीच्या गावी न्यायचंय, अर्ध्या दिवसाचा रस्ता आहे. गळ्याचं ऑपरेशन झालंय तिच्या. डॉक्टर म्हणाले, धूळ लागता कामा नये, काचा बंदच ठेवा. आणि या दिवसांत बंद काचांची गाडी म्हणजे भट्टी.

वस्ताद : मग एसीची भाड्याची गाडी करायची.

काका : भाचीनं केलीच होती. मीच नको म्हटलं. ती म्हणाली, मामा, तुमच्या खटाऱ्यात आईला उकडून काढायचंय का? म्हटलं, एसी बसवतोय. तर हसायला लागली.

वस्ताद : मी पण हसलोच असतो. एवढा हट्ट कशासाठी?

काका : ताई रोज संध्याकाळी मला फोन करायची. मी एकटाच. लग्न केलं नाही. छापखाना सुटल्यापासून दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं. आता तिचा आवाज म्हणजे नुसती फुंकर, फोनवर पोचतच नाही. आणि माझा उजवा कान छापायच्या मशीननं खाल्लाय. डाव्यानं कसंबसं भागवतो. तरी ती फोन लावते. मी बोलतो, ती फोनवर नखानं टिचकी मारते. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

वस्ताद : आणि तीन?

काका : तीन म्हणजे, पुरे, ठेव आता.

वस्ताद : दवाखान्यात जाऊन बसायचं ना मग जवळ.

काका : जातो की. तिथं भाची असते. शेजारच्या खाटेचे पाहुणे असतात, त्यांची पोरं असतात. भाचीसमोर ताई आई असते. माझं सगळं छान आहे, एवढंच म्हणते. ते तर तिच्या तोंडाकडे बघूनही कळतं. एकदा तिकडे गेली की ती परत यायची नाही, वस्ताद. भाची सामान घेऊन पुढं जाणार आहे. म्हणजे गाडीत आम्ही दोघंच. ती माझ्या डाव्या हाताला बसेल. काचा बंद असल्या, तर बोलेल ते मला ऐकू येईल.

वस्ताद : काय बोलायचंय त्यांना?

काका : ते मला काय माहीत? म्हणून तर.

वस्ताद : किल्ली बंद करा.

काका : का रे?

वस्ताद : उतरवतो हे सगळं. भरलेला गॅस गेला तर गेला, परत भरू. टर्नरकडे नेऊन ब्रॅकेट सूतभर घासून आणतो. तो चार शिव्या देईल, त्या मी खाईन. आणि तुमच्या पायांपुढचा हा पत्रा बघा. एसीचे जुने पाइप काढले, त्यांची भोकं दाजींनी तशीच सोडलीत. इंजिनाचा सगळा धडधडाट तिथून आत येतो. ती बुजवतो आणि आवाज अडवायला वर जाड नमदा चिकटवतो.

काका : रविवारी सकाळी निघायचंय.

वस्ताद : उद्या संध्याकाळी गाडी घेऊन जा.

काका : आणि बेल्ट परत ओरडला तर?

वस्ताद : तर मी येतो बरोबर. मागच्या सीटवर बसून त्याला दम देतो.

काका : मागं कोणी नको.

वस्ताद : गंमत केली, काका.

(तीन आठवड्यांनी, त्याच गॅरेजात, दुपारी.)

वस्ताद : या काका. काय, गार कमी झालं?

काका : नाही. चांगलं आहे.

वस्ताद : बेल्ट?

काका : गप्प आहे.

वस्ताद : मग आज काय काढलंत?

काका : काही नाही. इकडून चाललो होतो.

वस्ताद : इकडून कुठं जायला रस्ताच नाही, काका. पुढं भिंत आहे. बसा. त्या डब्यावर नको, ग्रीस लागेल. आणि हा दिवा धरा जरा. अजून वर. हां. बोलल्या का ताई?

काका : झोपली.

वस्ताद : झोपली म्हणजे?

काका : दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडलो, काचा वर केल्या, गार लागायला लागलं, आणि तिनं मान टाकली. किती दिवस नीट झोप नव्हती तिला. वॉर्डातले दिवे मालवत नाहीत रात्रभर. मग मी गाडी हळू घेतली.

वस्ताद : सगळा रस्ता झोपल्या?

काका : मध्ये रेल्वेच्या फाटकाशी थांबलो, तेव्हा जागी झाली. काहीतरी म्हणाली.

वस्ताद : ऐकू आलं?

काका : स्वच्छ. म्हणाली, गाडी बंद पडली का रे? म्हटलं, नाही, चालू आहे. तिला खरं वाटेना. पुढं वाकून डॅशबोर्डवर हात ठेवून बघितला. म्हणाली, यांनी बसवलेलं इंजिन, आणि आवाज कसा नाही? म्हटलं, एक वस्ताद भेटला, त्यानं भोकं बुजवली. तर म्हणाली, यांना आवडलं नसतं. हसली जराशी. गाडी हलली तशी पुन्हा झोपली.

वस्ताद : उठवायचं होतं, काका.

काका : तू उठवलं असतंस?

वस्ताद : नसतं. दिवा जरा इकडे. तिकडे पोचल्यावर तरी काही बोलणं झालं?

काका : दारातच सगळ्यांनी तिला उतरवून घेतलं. पायऱ्यांवर दोघांनी धरलं. मी चहा घेतला आणि निघालो. येताना काचा वरच ठेवल्या, खाली करायचं मनातच आलं नाही. त्या गाडीत एवढी शांतता कधी नव्हती. काय करावं कळेना. मग मीच बोलत आलो.

वस्ताद : कोणाशी?

काका : डावीकडे बघून.

वस्ताद : एक करा, पुन्हा एकदा जाऊन या. मी आजच गॅस बघून देतो. त्यांना जरा फिरवून आणा, जवळपासच. आणि सांगा, या वेळी झोपायचं नाही म्हणावं.

काका : दिवा घेतोस का? हात भरून आलाय.

वस्ताद : द्या. कधी निघताय मग?

काका : जाऊन आलो, कालच. ताई गेली, वस्ताद. परवा, सोमवारी, पहाटे.