ढोल मी मारायचो, बल्ब ती पाहायची

मी मूळचा दरेकशाचा जी, लग्न झालं अन् मुर्रीले आलो, घरासमोर टिनाचं शेड टाकून अ‍ॅम्प्लिफायरचं काम सुरू केलो. वरातीत धुमाल, म्हणजे ढोल-ताशाचा बाजा, वाजवणारे राहतात ना, त्याहीच्या मशिनी बनवतो, गाडीवर ठेवून बॅटरीवर चालवतात. काय सांगू तुम्हाले, ढोल धाडकन वाजला का मशीन तेवढ्यापुरता असा करंट ओढते का बॅटरीच्यानं देणं होत नाही, आवाज बसून जाते. म्हणून कॅपॅसिटर लावा लागते, ते आधी भरून ठेवते अन् धक्क्याच्या वेळी एकदम देऊन टाकते. किती मोठा लावाचा त्याचा हिशोब हाय, करंट किती, किती वेळ, व्होल्ट किती पडले तर चालते. हिशोब येते मले. पण बजारातले हे कॅपॅसिटरचे डबे वर लिहिल्यावानी थोडेच निघतात, लावूनच पाहा लागते.

पाहाचं कसं, तर त्याच बॅटरीवर गाडीचा बल्ब जोडाचा, व्होल्ट पडले का तो मिचकावते. शेडात उन्हाचा उजेड, काही दिसत नाही, म्हणून वायर ओढून बल्ब स्वयंपाकघरात टांगला, तिथं अंधार. माईकसमोर ढोल मी मारायचो अन् चुलीपाशी बसून कांता, आमच्या घरची, बल्बाकडे पाहायची. मिचकावला जी, असं ओरडायची. मी अजून एक डबा जोडायचो. मंग म्हणे, आता नाही मिचकावत, बंद करा तो ढोल, डोकं उठवलं माहं.

जिंदगीभर असंच चाललं. मीटर हाय ना, पण त्याचे आकडे बदलेपर्यंत धक्का निघून जाते. तिचा डोळा नाही चुकायचा. भांडायची बी लय. मागच्या थंडीत तापाचं निमित्त झालं अन् गेली, बाप्पा, एकटं पाडून गेली मले.

मंग एका धुमालवाल्याचं काम आलं. ढोल मारून आत पळत जावं तर बल्ब जसाच्या तसा, मिचकावणं होऊन गेलं असंन ना तोपर्यंत! राग आला मले, कमी नको म्हणून डबेच डबे ठोकून दिलो. बॅटरी जोडल्याबरोबर सारे रिकामे डबे एकदम भराले लागले, ठिणगी उडाली, स्विच चिकटून गेला. धुमालवाला म्हणे, काका, परवा हळद हाय, जमत नसंन तर दुसरीकडून घेतो. नागपूरची पोरगी फोनवर म्हणे, बाबा, कायले करून राहिले, दुकान बंद करा अन् या इकडे. मी म्हटलो, हे एक काम होऊ दे, नाही झालं तर येतो. हे घर सोडून मले जायचंच नव्हतं.

काल स्विच बदललो, निम्मे डबे काढलो, मोबाईल बल्बाकडे तोंड करून फळीवर उभा केलो अन् व्हिडिओ चालू. ढोल मारलो, जाऊन व्हिडिओ पाहिलो, मिचकावला होता. एक डबा जोडलो, परत मारलो. असं करता करता शेवटी बल्ब मिचकावलाच नाही. जमलं!

आज सकाळी धुमालवाला मशीन घेऊन गेला. पोरीले सांगितलो, नाही येत, जमते माह्याच्यानं. पण तो शेवटचा व्हिडिओ तिले नाही पाठवलो. त्यात बल्ब एकसारखा जळून राहिला, ढोल थांबते, मंग दारातून एक म्हातारा आत येते, बल्बाकडे पाहतच नाही, चुलीकडे तोंड करून विचारते, मिचकावला का वं?

भलं होवो तुमचं, ऐकून घेतलं. बसा ना अजून थोडं.