चालकाचा ताबा

विक्रेता: ...आणि तिसरं डिझेल. म्हणजे इंजिनं तीन, काका. साधं पेट्रोल, टर्बो पेट्रोल आणि डिझेल. गावातल्या गावात फिरायचं असेल तर साधं पेट्रोल पुरे. चढ आहेत, ओव्हरटेक करायचं आहे, तर टर्बो. पाय दाबला की पळते.

सासरे: आणि काढला की?

विक्रेता: काढला की हळू होते, काका. गाडीच ती.

सासरे: तसं नाही. वळणात असताना काढला तर?

विक्रेता: वळणात? तीन वर्षं या टेबलावर बसतोय, हा प्रश्न कुणी विचारला नाही. लोक विचारतात ॲव्हरेज किती, डिकीत दोन बॅगा बसतात का.

सून: दोन बसतात. तिसरी आडवी घालावी लागते.

विक्रेता: ताईंनी गाडी नीट पाहिलेली दिसतेय.

सून: होती आमच्याकडे. पाच महिने.

विक्रेता: आणि विकली? एवढ्यात?

सून: बाबा, सांगून टाका ना. ते उगाच घसा कोरडा करतायत.

सासरे: सांगितलं की माणूस जपून बोलायला लागतो. मला जपून बोललेलं नकोय.

सून: मग मी सांगते. दादा, आम्हाला गाडी घ्यायची नाहीये. यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, याच गाडीत गेला. आठ महिने झाले. मी शेजारी बसले होते.

विक्रेता: मी... थांबा, मी साहेबांना बोलावतो.

सासरे: साहेबांना कशाला? तक्रार नाही, वकील नाही. खिशात कागद आहे तो हा पोलिसांचा पंचनामा, एवढाच. वाच.

विक्रेता: 'रस्ता कोरडा. दिवसाउजेडी. वेग अंदाजे पासष्ट. वळणावर चालकाचा ताबा सुटून...'

सासरे: बस. पुढचं नको. एकतीस वर्षं बस चालवली मी. त्यातली शेवटची नऊ डेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवण्यात गेली. त्या पोरालाही मीच शिकवलं. कोरडा रस्ता, पासष्टचा वेग, आणि माझ्या मुलाचा ताबा सुटतो? हे लिहिणाऱ्याला मी ओळखत नाही, पण आठ महिने झोपताना त्याच्याशी भांडतोय. नातेवाइकांना सांगतो, गाडीतच खोट होती. ठासून सांगतो. पण मला माहीत नाही रे. ते माहीत करून घ्यायचंय. तशीच गाडी आणि एक वळण, एवढंच दे.

विक्रेता: काका, मला वाईट वाटतं खूप. पण मी नोकरी करतो इथे.

सून: हे तिसरं शोरूम आहे. पहिल्या दोघांनी पाणी विचारलं आणि दारापर्यंत सोडायला आले. तुम्ही नाही म्हणालात तर हे चौथं शोधतील.

विक्रेता: तुमचं इंजिन कुठलं होतं?

सासरे: टर्बो.

विक्रेता: डेमोची गाडी टर्बोच आहे. पाण्याच्या टाकीमागे गोदामांकडे जाणारा रस्ता आहे, त्यावर एक लांब वळण आहे. दुपारी कुणी नसतं. मी शेजारी बसेन. मी थांबा म्हटलं की थांबायचं. लायसन आहे ना, काका?

सासरे: मला लायसन विचारतोय. आहे बाबा. फोटोत काळी मिशी आहे, ती मीच, हे मात्र तुला विश्वासानं मानावं लागेल.

(तिघं गाडीत. सासरे स्टिअरिंगवर, विक्रेता शेजारी, सून मागे.)

सासरे: हे एका बोटानं फिरतंय. आमच्या बसचं फिरवायला खांदा लागायचा.

विक्रेता: वेग वाढला की आपोआप जड होतं. हातात भरवसा येतो. आता तिसऱ्यात टाका आणि दाबा. टर्बो जरा उशिरा जागा होतो... हां, आता. ओढली?

सासरे: ओढली. या ओढीसाठीच घ्यायला लावली होती.

सून: त्याला साधं पेट्रोल हवं होतं.

सासरे: सांग, सांग. सगळंच सांग.

सून: त्याला साधं इंजिन आणि सगळ्यात वरचं मॉडेल घ्यायचं होतं. बाबा म्हणाले, तेवढ्याच पैशांत टर्बो येतोय, मॉडेल मधलं घे.

सासरे: चढावर धापा टाकणारी गाडी घेऊन काय करायचंय, म्हणालो. इंजिन पुन्हा बदलता येत नाही. बाकीच्या सगळ्या शोभेच्या गोष्टी.

विक्रेता: मधलं मॉडेल होतं?

सासरे: हो. का रे?

विक्रेता: काही नाही. टाकी मागे गेली, ते बघा समोर वळण. आधी पन्नासनं घ्या. पाय आहे तिथेच ठेवा, दाबू नका, उचलू नका.

सासरे: अशी?

विक्रेता: अशीच. नाक किंचित बाहेर जातंय, जाणवतंय? तेवढंच. चाकं अगदी चार कोपऱ्यांना आहेत, म्हणून चिकटून चालते.

सासरे: पुन्हा घेतो. साठ.

विक्रेता: हरकत नाही.

सासरे: धरते. आता पासष्ट.

सून: बाबा.

सासरे: तू उतरतेस का, पोरी? टाकीपाशी सावली आहे, तिथे थांब. मी येतो घ्यायला.

सून: नाही. बसते मी.

सासरे: हे बघ, पासष्टलाही धरली. कुरकुर नाही, काही नाही. गाडीत खोट नाहीये.

विक्रेता: नाही, काका. गाडी चांगली आहे.

सासरे: मग तो मघाचा प्रश्न.

विक्रेता: परत जाऊया आता.

सासरे: वळणात पाय काढला तर?

विक्रेता: काढू नये. कंपनीनं आम्हाला दोन दिवस एका बंद धावपट्टीवर नेलं होतं, तिथे हेच घोकून घेतलं. भर वळणात पाय झटकन काढला की सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं. मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची शेपूट बाहेर निघते.

सासरे: बसची निघत नाही.

विक्रेता: बस लांब, जड. तिला कळायलाच वेळ लागतो. ही छोटी आहे. हिला लगेच कळतं.

सासरे: करून बघतो.

विक्रेता: नको, काका. थांबा म्हटलं की थांबायचं ठरलंय आपलं.

सासरे: तू अजून थांबा म्हटलेलं नाहीस. धरून बसा दोघं.

विक्रेता: काका, थांबा. काका...

सून: बाबा, बास. बास झालं.

विक्रेता: झालं. सरळ झाली. काही झालेलं नाही. बाजूला घ्या हळूच. हां. हँडब्रेक ओढा. ताई, तुम्ही ठीक आहात ना?

सून: आहे.

सासरे: मागून कुणी ढकलल्यासारखं झालं. आणि मग कुणीतरी धरलं. मी नाही धरलं. माझे हात उशिरा हलले.

विक्रेता: समोर पिवळा दिवा लुकलुकला, पाहिलात? घसरत्या गाडीचा. शेपूट निघाली की गाडी स्वतःच एकेका चाकाला ब्रेक लावते आणि सावरून घेते.

सासरे: आमच्या गाडीत हा दिवा मी कधी बघितला नाही.

विक्रेता: वरच्या मॉडेललाच येतो तो. ही डेमोची वरचीच आहे.

सासरे: शोभेच्या गोष्टी.

विक्रेता: काका, तुम्हाला कसं माहीत असणार?

सून: बाबा, मला एक सांगायचंय. आठ महिने कुणाला सांगितलं नाही. पोलिसांना नाही, आईंना नाही.

सासरे: बोल.

सून: मी ओरडले होते. ते वळण संपेचना. मला वाटलं वेग फार आहे, आपण बाहेर जाणार. 'हळू' म्हणून ओरडले मी, अगदी कानात. त्यानं पाय काढला. काढताना मी बघितला त्याचा पाय. आणि मागचं सगळं फिरलं. मी गप्प बसले असते तर तो वळण घेऊन गेला असता. आत्ता गेलीच ना तीनदा.

सासरे: म्हणून तू माझ्याबरोबर शोरूमं पालथी घालत होतीस.

सून: तुम्हाला वाटायचं मी सोबत म्हणून येते. मलाही बघायचं होतं.

सासरे: पाय कसा काढला त्यानं? सावकाश?

सून: नाही. झटक्यात. चटका बसल्यासारखा.

सासरे: काय म्हणालीस?

सून: चटका बसल्यासारखा.

सासरे: हे माझे शब्द आहेत.

सून: म्हणजे?

सासरे: असंच शिकवलं होतं मी त्याला. डेपोची एक जुनी जीप होती, हत्तीसारखी जड. तो चालवायचा, मी शेजारी. वळणात गडबडला की गुडघ्यावर टिचकी मारायचो. काही सुचेनासं झालं की आधी पाय उचल, चटका बसल्यासारखा उचल, विचार नंतर कर. दोन महिन्यांनी टिचकी मारायची गरजच राहिली नाही. मी काय खूश झालो होतो त्या दिवशी. घरी येऊन तुझ्या सासूला सांगितलं, पोरगं तयार झालं.

सून: पण ओरडले मी, बाबा.

सासरे: माझ्यावर बसमध्ये रोज चाळीस माणसं ओरडायची. ओरडण्यानं गाडी फिरत नाही. तू त्याच्या कानात ओरडलीस. पायात मी होतो.

विक्रेता: काका, असं ठरवून टाकता येत नाही. टायरमध्ये हवा कमी असेल, वळणावर खडी असेल. काहीही असू शकतं.

सासरे: आता तू जपून बोलायला लागलास.

विक्रेता: हो.

सासरे: तरी भला माणूस आहेस. तो कागद दे इकडे. ताबा सुटला म्हणे. कुठे सुटला? सांगितलं होतं तसंच केलं त्यानं, तंतोतंत. डेपोत दोनशे जणांना शिकवलं मी हे.

विक्रेता: ते बस चालवतात, काका. बसला ते बरोबरच आहे.

सासरे: आणि घरची गाडी कशी चालवत असतील? चल, तू ये इकडे. मला नाही चालवायची आता. मी तुझ्या जागेवर बसतो.

सून: हळू उतरा. दार धरा, बाबा.

सासरे: धरलंय. कागद कुठे गेला?

सून: हातात आहे तुमच्या.

विक्रेता: पट्टा लावलात, काका? निघूया?

सासरे: नीघ.

सून: आईंना काय सांगायचं?

सासरे: मी सांगेन. तुझं ओरडणं मध्ये आणायची गरज नाही.

सून: नको. दोन्ही सांगा. एकच सांगितलं तर राहिलेलं माझ्याजवळच राहील.

सासरे: बरं. दोन्ही.

विक्रेता: तेच वळण आहे, या बाजूनं. चाळीसनं घेतो.

सासरे: तुला हवं तसं घे. तुला येतं.

सून: बाबा.

सासरे: काय?

सून: तुमचा गुडघा वर आला आत्ता. वळणात.

सासरे: आला का?

सून: तिथे पायाखाली काहीच नाहीये, बाबा.

सासरे: माहीत आहे.