स्पेनची वाईन अन् मंजुळाबाईचं मटन

खामगावच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोन शेतकरी बसले होते.

"पुंजाजी, बोटीवर नोकरीले गेलेल्या तुमच्या पोराचं काही समजलं का?"

"समजलं, वामनराव! नऊ महिन्यांनं चिठ्ठी आली. त्याचा दोस्त घेऊन आला. संगं स्पेन देशाची लाल वाईन."

"तुमच्या घरच्या दारूबंदीत?"

"हाव. जांभळावानी काळी-लाल. पोरानं लिवलं, लय जोरदार हाय, गोडासंगं नोका पिऊ, मटनाच्या तिखट रश्श्यासंगं प्या."

"पोराच्या मायनं, मंजुळाबाईनं, बाटली आंगनात फोडली असन!"

"मलेबी तेच वाटलं. पन तिनं चिठ्ठी दोनदा वाचाले लावली. मंग म्हने, 'म्हंजे पोरगं मटन खाऊन राह्यलं, पोटभर जेवून राह्यलं.' अन् रडली."

"मायच थे."

"चिठ्ठ्या बंद झाल्यापासून घरात मटन शिजलं नोव्हतं. काल तिनंच मले बाजारात धाडलं."

"अन् वाईन?"

"तिनं वाटीत घेऊन घोटभर चाखली. तोंड वाकडं करून म्हने, 'लय तुरट हाय.' मंग रश्श्यात भाकर कुस्करून दोन घास खाल्ले, पुन्हा एक घोट घेतला, अन् वाटी माह्यापुढं केली. म्हने, 'पोरगं खोटं नाही सांगत. वता अजून.'"