कपाटातल्या दुसऱ्या आवृत्तीबाबत

जबाब
पोलीस स्टेशन, बारामती
दिनांक ११ ऑगस्ट १९९७

नाव विजयमाला रामभाऊ अहिवळे, वय ६२ वर्षे, व्यवसाय निवृत्त पर्यवेक्षक, टेलिफोन खाते, राहणार कन्हेरी रस्ता, बारामती, जि. पुणे. मूळ गाव मौजे खडकमाळ, ता. इंदापूर.

मी आपल्या पायांनी पोलीस स्टेशनला आले आहे. मला कोणी पढवलेले नाही. समक्ष सांगते ते असे.

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे वडील रेल्वेत होते आणि माझे शिक्षण कॉन्व्हेंट शाळेत झाले. हे लिहून घ्यायला सांगण्याचे कारण असे की, जबाब घेणारे हवालदार समाधान लोंढे मला "बाई, शांतपणे सांगा" असे वारंवार म्हणत आहेत. मी शांत आहे. शाळेतल्या सिस्टरनी मला आवाज न चढवता बोलायला शिकवले. गप्प बसायला शिकवले नाही.

राजकारण, राज्यकारभार आणि त्या त्या काळच्या घडामोडींवरच्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या मी नोकरीला लागल्यापासून जमवत आले आहे. कादंबऱ्या मी ठेवत नाही. पुढाऱ्यांची आत्मचरित्रे, निवडणुकांवरची पुस्तके, लोकल बोर्डाचे अहवाल असा माझा संग्रह आहे. पहिलीच आवृत्ती कशाला हवी, असे हवालदारांनी विचारले. राजकारणी माणूस पहिल्या आवृत्तीत जे लिहून बसतो ते दुसऱ्या आवृत्तीत काढून टाकतो, असे मी उत्तर दिले. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

गहाळ झालेल्या पुस्तकाचे नाव "लोकल बोर्डातील माझी वर्षे". लेखक कै. तात्याबा रणवरे, राहणार खडकमाळ. पहिली आवृत्ती १९५६ ची. दुसरी आवृत्ती त्यांच्या पश्चात त्यांचे चिरंजीव रामहरी रणवरे यांनी १९७८ मध्ये काढली. रामहरी रणवरे हे सध्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आहेत.

पहिल्या आवृत्तीत खडकमाळच्या सार्वजनिक विहिरीविषयी एक परिच्छेद आहे. त्यात माझी आई पुतळाबाई रामभाऊ अहिवळे हिचे नाव आहे. दुसऱ्या आवृत्तीत तो परिच्छेद नाही. त्याच्या जागी "ग्रामस्थांनी एकमुखाने विहीर सर्वांस खुली केली" एवढे एक वाक्य आहे. मी त्या ग्रामस्थांचे मुख लहानपणी जवळून पाहिलेले आहे.

स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त येत्या १५ ऑगस्टला त्या विहिरीवर संगमरवरी पाटी बसणार आहे. तिच्यावर "ही विहीर कै. तात्याबा रणवरे यांनी सर्वांसाठी खुली केली" असा मजकूर ठरला. मी जुलै महिन्यात ग्रामपंचायतीकडे हरकतीचा अर्ज दिला. पाटीवर माझ्या आईचे नाव असावे आणि पुरावा म्हणून मी मूळ पुस्तक १४ तारखेच्या ग्रामसभेत दाखवीन, असे त्यात लिहिले. अर्जात पुरावा कोणता ते आधीच लिहिणे हा मूर्खपणा होता. खात्यात अर्ज असेच करतात, ती सवय नडली.

त्यानंतर रामहरी रणवरे यांचा मला फोन आला. "ताई, तुमचा संग्रह म्हणजे तालुक्याचं भूषण हाय. आमी प्रदर्शन भरवतोय, पंधरवड्यासाठी द्या की पुस्तकं." तुमच्या वडिलांची सगळी पुस्तके देते, ते एक सोडून, असे मी म्हणाले. त्यावर ते बोलायच्या आधी खाकरले. मी आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकण्याची नोकरी केली. खोटे बोलणारा माणूस फोनवर आधी घसा साफ करतो. "न्हाई म्हंजे कसंय, आमच्याकडं आमचीच प्रत न्हाई," असे ते म्हणाले. पुण्याच्या दोन ग्रंथालयांत या पुस्तकाचे कार्ड आहे आणि पुस्तक नाही, हे मी पूर्वीच पाहून आले होते. त्या फोननंतर मी कपाटाला कुलूप लावू लागले.

माझ्या कपाटाची किल्ली कोठे असते हे दोन माणसांना माहीत आहे. एक माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या कुशाबाई. दुसरे मोहनराव पारसनीस, वय ६८, निवृत्त ग्रंथपाल, राहणार इंदापूर.

मोहनराव यांची व माझी ओळख पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात झाली. एकच पुस्तक आम्हा दोघांना हवे होते. ते त्यांनी घेतले. त्यावरून माणूस तेव्हाच ओळखायला हवा होता. पुढे रद्दीची दुकाने, बंद पडलेली वाचनालये, दिवंगत पुढाऱ्यांच्या घरचे माळे आम्ही बरोबर हिंडलो. पुस्तके सांभाळण्याचे नियम मी त्यांच्याकडून शिकले. पहिल्या आवृत्तीवर आपले नाव घालायचे नाही, शिक्का मारायचा नाही, कोपरा दुमडायचा नाही. झेरॉक्ससाठी काचेवर दाबायचे नाही, जुनी शिलाई मोडते.

हवालदारांनी विचारले, "पुस्तकावर तुमचं नाव हाय का?" नाही. "झेरॉक्स?" नाही. "पावती?" नाही. "मग बाई, तुमचंच हाय कशावरून?" हा प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही आणि ते माझ्याकडे नसावे याची व्यवस्था कोणाच्या शिकवणीने झाली, ते वर सांगितले आहे.

हे पुस्तक मोहनरावांनीच मला आणून दिले होते. दुसरी आवृत्ती निघाल्यावर त्यांनी इंदापुरातल्या एका बंद पडणाऱ्या वाचनालयातून पहिली आवृत्ती शोधून काढली. एका रविवारी आम्ही दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचल्या. पहिली त्यांनी माझ्याकडे सरकवली. "तुमच्या आईचं पुस्तक आहे, तुमच्याकडे असावं," असे म्हणाले. दुसरी त्यांनी स्वतःकडे ठेवली. त्या वेळी माझी आई हयात होती. तिला वाचता येत नव्हते, मी तिला वाचून दाखवले. याबाबत मला अधिक काही सांगायचे नाही.

दिनांक ७ ऑगस्ट रोजी सकाळी मी बँकेत गेले होते. परत आल्यावर कपाट उघडले. पुस्तक जागेवर होते. वेष्टन माझेच, खाली उजवीकडे उंदराने कुरतडलेले. पण वेष्टनावर बटर पेपरचे नवे कव्हर घातलेले होते आणि पुस्तकाला वेखंडाचा वास येत होता. मी पुस्तकांत कडुलिंबाचा पाला घालते. वेखंडाची पुरचुंडी मोहनराव ठेवतात. मी वेष्टन काढले. आत दुसरी आवृत्ती होती.

या ठिकाणी हवालदार म्हणाले, "पुस्तकाच्या जागी पुस्तक हाय, नाव तेच, लिवणारा तोच. मग चोरी कशाची लिहू?" मी त्यांना विचारले की, तुमची मोटारसायकल नेऊन कोणी त्याच रंगाची, इंजिन काढलेली गाडी दारात उभी केली तर काय लिहाल? ते लिहितो म्हणाले. हवालदारांची सासुरवाडी खडकमाळची आहे काय, हेही मी विचारून घेतले. नाही असे त्यांनी सांगितले. नोंद असावी.

माझा पहिला संशय कुशाबाईंवर होता. त्यांचा मुलगा रणवरे यांच्या संस्थेच्या ट्रकवर आहे. मी त्यांना विचारले. त्यांचे शब्द असे: "मोहनराव आलते. मी चा केला, त्यांनी घेतला न्हाई. किल्ली काढून कपाट उघडलं. ते नेहमीच उघडत्यात, मी कशाला बोलू? एक पुस्तक काढलं, बसूनच ऱ्हायले. मग कपाळाला लावलं, पाया पडल्यागत, आन् पिशवीत घातलं. डोळं पुसत हुते वो बाई. मला वाटलं, धूळ गेली." मी कुशाबाईंना म्हणाले की, माझ्या कपाटात धूळ नसते. त्या म्हणाल्या, "ते बी खरंच." कुशाबाईंवर माझा आता संशय नाही.

दुसऱ्या कोणा चोराने पान फाडले असते, पुस्तक विहिरीत टाकले असते, निदान जागा मोकळी सोडली असती. या चोराने माझ्या फाटक्या वेष्टनाला कव्हर घातले. पावसाळा आहे म्हणून वेखंड ठेवले. इतकी काळजी घेणारा माणूस या दोन तालुक्यांत एकच आहे.

दिनांक ९ ऑगस्ट रोजी मी एसटीने इंदापूरला त्यांच्या घरी गेले. मोहनराव दारातच खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला बसा म्हटले नाही, असे पूर्वी कधी झाले नव्हते. मी दुसरी आवृत्ती त्यांच्या मांडीवर ठेवली.

"तुमचं पुस्तक परत आणलंय. माझं द्या," मी म्हणाले.

"विजयाताई, तुमच्याकडे होतं तेच हे. आवृत्ती कुठली का असेना, पुस्तक एकच."

"हे तुम्ही बोलताय, मोहनराव?"

त्यांनी घसा साफ केला. "वयानं होतं असं. एखाद्या वेळी आवृत्तीत गोंधळ होतो माणसाचा."

"माझं वय तुमच्यापेक्षा कमी आहे. आणि गोंधळलेल्या माणसानं बटर पेपर इतका सरळ कापला नसता."

ते त्या कव्हरच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. त्यांची सून विनया आतून आली. ती रणवरे यांच्या संस्थेच्या शाळेत गेली काही वर्षे हंगामी शिक्षिका आहे. "ताई, माझी ऑर्डर निघायचीय," ती म्हणाली. "एवढा पंधरा ऑगस्ट होऊ द्या ना. बाबा चार दिवस धड जेवले नाहीत." मोहनराव तिला "विनया, आत जा" म्हणाले. ती गेली नाही. मी तिला म्हणाले की, नोकरी मिळवायला माझी आई कशाला लागते.

पुस्तक कोठे आहे, असे मी मोहनरावांना विचारले. "माझ्या हातात नाही," ते म्हणाले. जाळले काय, असे विचारले. "ते जाळणार नाहीत, मी तसा शब्द घेतलाय." कोणाचा शब्द, असे विचारल्यावर ते उठून आत गेले. दुसरी आवृत्ती बरोबर घेऊन गेले. मी ती मुद्देमाल म्हणून हातात ठेवायला हवी होती. ती माझी चूक झाली. वेष्टन मात्र मी आधीच काढून पर्समध्ये ठेवले होते, पुस्तकावर नुसते बटर पेपरचे कव्हर ठेवले होते. ते येथे हजर करते.

माझा संशय मोहनराव पारसनीस यांच्यावर आहे आणि त्यांच्याकडून पुस्तक घेणारा इसम म्हणून रामहरी रणवरे यांच्यावर आहे. पुस्तक नष्ट होण्यापूर्वी झडती घेऊन ते जप्त करावे. ओळखीची खूण अशी की, शीर्षकपानाच्या मागे "प्रथमावृत्ती" असे छापलेले आहे आणि आत कडुलिंबाची पाने आहेत. मोहनराव वयस्कर आहेत. त्यांना ठाण्यात फार वेळ बसवून ठेवू नये. त्यांना मधुमेह आहे.

झडतीचे वरिष्ठ ठरवतील, १४ तारखेपर्यंत काही होईल असे सांगवत नाही, असे हवालदारांचे म्हणणे पडले. ते मी घरून निघतानाच धरून चालले होते. म्हणून, चोरीस गेलेल्या वस्तूचे वर्णन फिर्यादीत यावे लागते त्याप्रमाणे, मी परिच्छेद सांगते. तो मला तोंडपाठ आहे. शब्दाला शब्द लिहून घ्यावा.

"बोर्डाचा हुकूम मी विहिरीवर वाचून दाखविला. कोणी पुढे आले नाही. मग रेल्वेतील रामभाऊ अहिवळे यांच्या पत्नी पुतळाबाई घागर घेऊन आल्या व त्यांनी पोहरा आत सोडला. दगड येऊन त्यांचे कपाळ फुटले. तो दगड आमच्या घरातून आला होता. त्यांनी पदराने कपाळ दाबून धरले, एका हाताने घागर भरली आणि बोर्डाचा पाहुणा म्हणून पहिले पाणी मला दिले. मी ते प्यालो. खडकमाळची विहीर माझ्या हुकुमाने खुली झाली नाही. ती या बाईने खुली केली."

येथे हवालदारांनी पेन थांबवले. "ताई, ती दगडाची ओळ ठेवायची का? मोठी मान्सं हायेत." आतापर्यंत ते मला बाई म्हणत होते. मी म्हणाले, ती ओळ रणवरे यांच्याच वडिलांनी लिहिली आहे, आणि ती गाळून एकदा छापून झालेले आहे. हवालदारांनी ती ओळ लिहिली.

फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, हे मला माहीत आहे. सही-शिक्क्याची प्रत मिळाल्याशिवाय मी येथून उठणार नाही. १४ तारखेला ग्रामसभेत मी ती वाचून दाखवणार आहे.

हा जबाब हवालदार लोंढे यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. विहिरीचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचा असे मी सांगितले नव्हते. सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, त्यात काही गाळलेले नाही. एका सहीने चालते असे ते म्हणाले, परंतु मी प्रत्येक पानावर माझे पूर्ण नाव शाईने लिहिले आहे.

विजयमाला पुतळाबाई रामभाऊ अहिवळे

समक्ष
स. लोंढे, पोलीस हवालदार